तात्यांचे नख आणि मॅडमची सुई

लेथच्या यंत्रावर लोखंड कातणाऱ्या आणि नखाने त्याचा गुळगुळीतपणा सांगणाऱ्या टर्नरची गोष्ट पेण ते रोहा या पट्ट्यात निदान चार वेगवेगळ्या पाठांमध्ये आढळते. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत ती सांगतात तेव्हा टर्नर हा एखाद्या केमिकल कंपनीच्या मेंटेनन्स खात्यातला असतो आणि त्याची परीक्षा घेणारा साहेब हमखास परदेशी असतो. कोलाडच्या गॅरेजांमधील पाठात तो जन्मांध आहे. जोह्याच्या मूर्तिकारांनी लोखंड पार काढून टाकून तेथे माती आणली आहे. त्यांचा नायक गणपतीच्या गालाला आपला गाल लावतो आणि मूर्ती पास करतो. चौथा पाठ पेणचा. त्यात टर्नरचे नाव, गाव आणि लेथचा नंबरसुद्धा सांगितला जातो. गोष्ट जितकी तपशीलवार तितकी ती रचलेली असण्याची शक्यता जास्त, असे आमचे लोककथांचे शास्त्र मानते. या एका बाबतीत आमचे शास्त्र चुकले. तो टर्नर मी पाहिला आहे, आणि पुष्कळ वर्षे पाहिला आहे.

लोककथांच्या अभ्यासकाने किस्से गोळा करायला गावोगाव हिंडायचे असते, अशी समजूत आहे. माझा अनुभव वेगळा. मी जोहे-हमरापूर भागात बायकांची गाणी उतरवून घ्यायला जात असे. एकेक गाणे पुरे मिळायला महिने लागत. पण परतताना रोह्याच्या बसची वाट पाहत यशवंतशेठच्या वर्कशॉपमध्ये अर्धा तास टेकलो, की दोन किस्से न मागता वहीत येऊन पडत! यशवंत माझा शाळेतला सोबती. पेणच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर त्याचे तीन लेथचे वर्कशॉप होते आणि त्याच्या मागेच घर. एक नंबरच्या लेथवर खांब गावचे तात्या, दोन नंबरवर रोह्याकडचे इस्माईलभाई. तीन नंबरचा लेथ बहुतेक वेळा बिघडलेलाच असे, म्हणून त्याच्याजवळची खुर्ची माझी.

त्या खुर्चीवर बसून लिहिलेली वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पहिल्या पानावर मी 'विनोदी किस्से' असे लिहून ठेवले होते. ते शीर्षक पुढे मला खोडावेसे वाटले, पण खोडून तेथे काय लिहावे हे सुचले नाही.

* * *

यशवंतशेठ पिढीजात भातशेती असलेल्या घरातला. लेथ त्याने विकत घेतले, पण त्यांची त्याला कायम भीती वाटे. कोणतेही काम सावकाश केले की ते स्वच्छ होते, हा त्याचा शेतावरचा सिद्धांत त्याने पोलादालाही लावला.

डोलवीला मोठा कारखाना सुरू झाल्यावर तेथल्या पिनांचे पहिले काम आले. शेठ स्वतः लेथपाशी उभा राहिला आणि त्याने सर्वांत कमी स्पीडवर पहिली पिन काढवून घेतली. पिन बाहेर आली ती उंदरांनी कुरतडल्यासारखी!

"टूलला धार नाय," लेथच्या कापणाऱ्या हत्याराकडे बोट दाखवून शेठ म्हणाला.

"धार हाय. तुम्हाला दम हाय, तोच जास्त हाय," तात्या म्हणाले. "शेठ, ह्ये मऊ लोखंड. हळू कापलं तर टूलच्या टोकाला चिकटतंय. ओली कणीक सुरीला चिकटती ना, तसं. मग सुरी कापत नाय, कणीकच कणकेला फाडती."

पुढे एका अभियांत्रिकीच्या पुस्तकात मला हेच वाक्य सापडले. त्यात फक्त कणीक नव्हती. कमी वेगात धातूचा कण टूलच्या टोकावर गाठ धरून बसतो, ती गाठच पुढे कापत सुटते आणि तुटताना पृष्ठभाग ओरबाडून नेते. वेग वाढवला की गाठ टिकत नाही.

तात्यांनी स्पीडचा दांडा वर ओढला. शेठ दोन पावले मागे सरकला. दुसरी पिन निघाली तीत त्याला स्वतःचा चेहरा दिसला, आणि चेहऱ्यावरचा घामही.

"एवढं गरागरा फिरवलंत, तात्या! लोखंडाला भीती नाय वाटत?"

"लोखंडाला नाय वाटत. त्याच्या मालकाला वाटती!"

* * *

दुसरा किस्सा इस्माईलभाईंचा. इस्माईलभाई उत्तम कारागीर, पण गिऱ्हाईक समोर उभे राहिले की त्यांचा हात घाई करी. धरमतरच्या खाडीतला एक होडीवाला पंपाचा शाफ्ट घेऊन आला आणि लेथपाशीच उभा राहिला.

"भाई, भरतीच्या आधी पायजे. भरती गाठायची हाय."

इस्माईलभाईंनी फीड दुप्पट केला. म्हणजे शाफ्टच्या एका फेऱ्यात टूल जेवढे पुढे सरकायचे, त्याच्या दुप्पट सरकू लागले. काम निम्म्या वेळात झाले आणि होडीवाला शाफ्ट खांद्यावर टाकून धावत सुटला.

दुसऱ्या दिवशी तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला परत आला.

"भाई, ह्यो शाफ्ट हाय का नारळाची किसणी? पानी अडवायचं माझं सगळं पॅकिंग किसून टाकलंन!"

"तूच बोललास भरती गाठायची हाय. गाठलीस ना?"

"गाठली! होडीच्या आत गाठली!"

तो शाफ्ट तात्यांनी पुन्हा केला. मला समजावे म्हणून त्यांनी जमिनीवर खडूने नांगराचे तास काढले. दोन तासांमध्ये जो उंचवटा उरतो, तोच शाफ्टवरचा खरखरीतपणा. तास लांब लांब घेतले तर उंचवटा वाढणार. आणि फीड दुप्पट केला तर तो दुप्पट नव्हे, जवळपास चौपट वाढतो. टूलचे टोक जितके गोल तितका तो कमी. हे गणित तात्यांना कोणी शिकवले, असे मी विचारले. "कोन शिकवनार?" ते म्हणाले. "रिजेक्ट झालेला माल शिकवतो."

त्या दिवशी मी त्यांची तपासणीची रीत प्रथम नीट पाहिली. ते लेथ थांबवीत, डोळे मिटीत, मान किंचित कलती करीत आणि उजव्या अंगठ्याचे नख जॉबवरून, म्हणजे लेथवर चढवलेल्या मालावरून, अलगद ओढीत. मग म्हणत, "व्हय." किंवा म्हणत, "नाय." तिसरा शब्द त्यांच्याकडे नव्हता.

* * *

पेणच्या हवेत खाडीचे मीठ असते. आरशासारखा शाफ्ट संध्याकाळी उघडा ठेवावा आणि सकाळी त्यावर तांबूस ठिपके यावेत, हा तेथला नित्याचा अनुभव. त्यामुळे वर्कशॉपमध्ये तयार माल ग्रीस लावून कापडात गुंडाळण्याची पद्धत पडली होती. कापड म्हणजे शेठच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, जुन्या साड्या.

एकदा डोलवीचा टेम्पो दारात उभा, आणि साड्या संपलेल्या. इस्माईलभाई मागच्या अंगणात गेले आणि दोरीवर जे वाळत होते ते घेऊन आले. टेम्पो गेला. पाच मिनिटांत वहिनी वर्कशॉपच्या मधोमध उभ्या!

"भाचीच्या लग्नात नेसायची साडी माझी! ती शाफ्टला नेसवलीत?"

शेठ चाचरत म्हणाला, "अगो, कंपनीचा माल... गंज आला असता गो..."

"मग तुमचा सदरा नेसवायचा!"

तात्यांनी लेथ बंद केला आणि गंभीरपणे सांगितले, "वयनी, त्याचंबी लगीनच हाय. उद्या बेरिंगसंगती बसायचंय त्याला."

चार दिवसांनी साडी परत आली. कंपनीच्या तपासणी खात्यातील कोणीतरी ती नीट घडी घालून पाठवली होती आणि पदरावर कागदी चिठ्ठी चिकटवली होती: 'पास'. ग्रीसचा डाग मात्र गेला नाही. वहिनी त्या लग्नाला दुसरी साडी नेसून गेल्या आणि शेठशी महिनाभर बोलल्या नाहीत.

* * *

आता तो प्रसिद्ध किस्सा, ज्याचे चार पाठ मी वर सांगितले.

डोलवीच्या कंपनीने पुढे मालाचा खरखरीतपणा आकड्यात मोजून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी तपासणी खात्यातून एक मॅडम येऊ लागल्या. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या, बोलायला मऊ, कामात कडक. त्यांच्याजवळ पानाच्या डब्याएवढी एक पेटी होती.

"ह्यात काय हाय मॅडम, कात-चुना?" तात्यांनी विचारले.

"सुई आहे, तात्या. शाफ्टवरून तांदळाच्या दाण्याएवढं अंतर चालते आणि खड्डे-उंचवटे मोजून आकडा सांगते."

"चावत नाय ना?"

"जॉबला चावत नाही. टर्नरला चावते!"

सगळे हसले, आणि इस्माईलभाईंनी पैज मांडली. निरनिराळ्या फीडवर काढलेल्या दहा पिना फडक्यावर मिसळून ठेवल्या. तात्यांनी डोळे मिटून, नख ओढून, त्या खरखरीतापासून गुळगुळीतापर्यंत ओळीने लावल्या. मॅडमनी एकेक पिन सुईखाली धरली आणि आकडा खडूने समोर लिहिला. चौथ्या आणि पाचव्या पिनेचा क्रम उलटा निघाला.

शेठचा चेहरा उतरला.

"पाचवी पुसून परत लावा," तात्या डोळे न उघडताच म्हणाले.

मॅडमनी पिन पुसली. फडक्यावर लोखंडाचा एक बारीक कण आला, मिठाच्या खड्याहूनही बारीक. पुन्हा सुई लावली. आकडा बदलला. क्रम तात्यांचाच बरोबर!

मॅडमनी पेटी मिटली. "तात्या, तुम्ही कंपनीत चला. ही पेटी इथे ठेवून जाते!"

"नको. तुमची पेटी बॅटरीवर चालती. मला दोन टाइम भात लागतो!"

सर्व ज्ञात पाठ येथे संपतात. परदेशी साहेब टोपी काढतो, आंधळ्याला बक्षीस मिळते, मूर्तिकाराच्या गालाला रंग लागतो आणि गोष्ट मिटते. लोकपरंपरेला कुठे थांबावे हे फार चांगले कळते. मीही माझ्या वहीत तेथेच रेघ ओढली होती. पण तात्या दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर आले, आणि नंतरही काही वर्षे येत राहिले.

* * *

रेघेखाली तीन छोटे किस्से आहेत. ते मी हसत हसत लिहिले होते, म्हणून तसेच देतो.

एका सकाळी तात्या एकाच पायात चप्पल घालून आले. स्टँडपासून वर्कशॉपपर्यंत खडीचा रस्ता. तो तसाच तुडवून आले. इस्माईलभाई ओरडले, "तात्या, दुसरी चप्पल खांबलाच राहिली काय?" तात्यांनी खाली पाहिले. क्षणभर ते पाहतच राहिले. मग म्हणाले, "तिला आज सुट्टी दिली." वर्कशॉप दिवसभर हसले.

दुसरा किस्सा. लेथवरून निघणारी लोखंडाची गुंडाळी निळी पडलेली असते, इतकी तापलेली. ती लोखंडी आकडीने ओढायची. तात्यांनी ती एकदा बोटांनीच उचलली आणि शांतपणे टोपलीत टाकली. शेठने मला अभिमानाने सांगितले, "आमच्या तात्यांचं कातडंच आता टूलच्या पोलादाचं झालंय, मास्तर!" हे वाक्य मी अवतरणचिन्हांत लिहून घेतले.

तिसरा. तात्या तयार शाफ्ट तोंडापाशी नेऊन खालच्या ओठावरून फिरवू लागले. इस्माईलभाईंना तेवढेच हवे होते. "अरे, बघा बघा! तात्या शाफ्टचे मुके घेतोय! या वयात!" तात्याही हसले. त्यांच्या ओठाला ग्रीस लागले होते. दोन दिवसांत ही गोष्ट स्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत पोहोचली.

तीन प्रसंग, आशय एकच. आशयसूत्रे हुडकण्यातच माझे आयुष्य गेले, आणि हे सूत्र समोर असूनही मला दिसले नाही.

* * *

ते मला बसमध्ये सांगितले गेले. पेणहून कोलाडमार्गे रोह्याला जाणाऱ्या बसमध्ये आम्ही बहुतेक शनिवारी शेजारी असू. तात्या खांबला उतरत. नागोठणे मागे पडले तेव्हा त्यांनी विचारले,

"मास्तर, ते चपलेचं लिवलंत का वहीत?"

"लिहिले."

"हसलात?"

"हसलो, तात्या."

"मीबी हसलो. काय करनार? चप्पल कुठं गळली ते मला ठावंच नाय. पायाला कळलंच नाय. आधी पाय गेलं. आता बोटं. रोह्याचा डॉक्टर बोलला साखर हाय, नसा मेल्या. परत येयाच्या नाय."

मी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिले. नख तसेच होते, जाड, पिवळसर, कडेने काळे.

"नख हाय जागेवर," ते म्हणाले. "नखाच्या मागं कुणी नाय."

"मग ओठ..."

"ओठाला अजून कळतंय थोडं. पन ग्रीस लागली की तेबी नाय."

मी म्हणालो, यशवंताला सांगून टाका. तो चांगला माणूस आहे, काही हलके काम देईल. तात्यांनी मान हलवली.

"सांगितलं तर एक नंबरचा लेथ जानार. आनि जायलाच पायजे. मी शेठ असतो तर मीच काढला असता. पन मास्तर, लेथ गेल्यावर मी सकाळी उठून करू काय? आजवर मी दोनच सबूद बोललो. व्हय नायतर नाय. आता 'ठावं नाय' कुठल्या तोंडानं बोलू?"

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, कोणाला सांगणार नाही असा. मी तो दिला. कथा सांगणाऱ्याच्या आयुष्यात अभ्यासकाने ढवळाढवळ करू नये, असे मी वर्गात शिकवीत असे. त्या दिवशी तो नियम मला फार सोयीचा वाटला.

* * *

त्यानंतर डोलवीहून एक लॉट परत आला. शेठने लोखंडाला दोष दिला. दुसरा परत आला. शेठने टूलच्या दुकानदाराला फोनवर शिव्या दिल्या. नख 'व्हय' म्हणाले होते, तेव्हा नखाकडे कोणाचीच नजर गेली नाही. कंपनीने कळवले की तिसरा लॉट नापास झाला तर शाफ्टचे काम दुसरीकडे जाईल. वर्कशॉपचे निम्म्याहून अधिक काम तेच होते.

शेठने मोठ्या विश्वासाने एक निर्णय घेतला. "हा लॉट पहिल्यापासून शेवटपर्यंत तात्याच करतील. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाय!"

बारा शाफ्ट होते. तात्यांनी ते ज्या काळजीने केले, तशी काळजी मी कोणत्याही कामात पाहिलेली नाही. खरखरीतपणा फीडवर अवलंबून, हे त्यांनीच मला खडूने शिकवले होते. बोटांना कळत नाही, तेव्हा चूक होण्याची जागाच ठेवायची नाही, असे त्यांनी ठरवले असावे. त्यांनी फीड कमी केला. मग आणखी कमी केला. कट, म्हणजे टूल आत शिरण्याची खोली, केसाएवढा घेतला. टूल शाफ्टवरून इतके सावकाश सरके, की माझी बस येऊन निघून जाई आणि टूल निम्म्यावरही आलेले नसे.

इस्माईलभाई आपल्या लेथवरून हे पाहत होते. एकदा ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, तात्या असं काम करत नव्हता." मी वहीत डोके घातले. मग ते तात्यांकडे गेले.

"तात्या, एक शाफ्ट बघू दे. माझं नख लावतो."

"का? माझं भाड्यानं दिलंय काय?"

इस्माईलभाई हसले, पण परत आपल्या लेथपाशी गेल्यावर बराच वेळ त्यांनी लेथ सुरू केला नाही.

येथे लेथच्या शास्त्रातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती मला त्या वेळी ठाऊक नव्हती. फीड कमी केला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो, हे खरे. पण एका मर्यादेपर्यंतच. टूलची धार कितीही बारीक असली तरी तिच्या टोकाला किंचित गोलाई असते. त्याहून कमी घास तिला दिला तर ती चावत नाही, नुसती घासते. धातू कापला न जाता चोळला जातो, ओढला जातो, जागोजागी फाटतो. तात्यांना ही मर्यादा हातापायांसारखी माहीत होती. आजवर ती त्यांना आकड्याने कधी ठरवावी लागली नव्हती. नख सांगे, येथे थांब. आता सांगणारे कोणी नव्हते, आणि ते काळजीपोटी त्या मर्यादेच्या पार निघून गेले.

* * *

मॅडम आल्या तो शनिवार होता. बारा शाफ्ट साड्यांमध्ये गुंडाळून ओळीने ठेवलेले. शेठने सर्वांसाठी चहा मागवला होता. वहिनीही दारात येऊन उभ्या होत्या.

मॅडमनी पहिल्या शाफ्टवर सुई लावली, आकडा पाहिला. दुसऱ्यावर लावली. तिसऱ्यावर लावली. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारले,

"तात्या, फीड किती ठेवला होता?"

तात्यांनी सांगितले.

"इतका कमी? आणि कट?"

तेही सांगितले.

"अहो तात्या, मग टूल कापत नव्हतं, घासत होतं!" मॅडमचा आवाज रडवेला झाला होता. "हे मी तुम्हाला सांगायचं? तुम्ही मला शिकवायचं हे!"

शेठ उठून उभा राहिला. "मॅडम, तुमची सुई बिघडली असंल. मागं एकदा झालं होतं ना तसं? तात्या, तुम्ही नख लावा. सांगा मॅडमना!"

तात्यांनी पहिला शाफ्ट हातात घेतला. डोळे मिटले, मान कलती केली, नख या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले. खिडकीतून येणाऱ्या उजेडात त्या शाफ्टवरचे ओरखडे मला स्पष्ट दिसत होते. मला, ज्याला लोखंडातले काही कळत नाही.

"व्हय," तात्या म्हणाले.

इस्माईलभाई मोठ्याने म्हणाले, "व्हय बोलला ना तात्या? मग व्हयच! मॅडम, पुसा नि परत लावा."

मॅडमनी शाफ्ट पुसला. फडके स्वच्छ निघाले. सुई पुन्हा लावली. आकडा तोच आला. शेठने हात पुढे करून आपले बोट शाफ्टवरून फिरवले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. तो तात्यांकडे पाहू लागला.

तात्यांनी लेथच्या दांड्यावरचे फडके घेतले आणि उजव्या हाताचे एकेक बोट नीट पुसले. शाफ्ट बाजूला सरकवून त्यांनी तो हात सुईखाली टेबलावर उताणा ठेवला.

"मॅडम, आता ह्ये लावून बघा."

"तात्या, हे कशाला?"

"जॉब समजा."

मॅडमनी शेठकडे पाहिले. शेठ जमिनीकडे पाहत होता. मॅडमनी पेटी पुढे ओढली आणि सुई अंगठ्याच्या गादीवर टेकवली. इस्माईलभाईंनी आपला लेथ बंद केला. तात्यांनी सवयीने डोळे मिटले आणि मान कलती केली.

सुई तांदळाच्या दाण्याएवढी पुढे चालली, थांबली आणि मागे जाऊन आपल्या जागेवर बसली.

"लावलीत काय सुई, मॅडम?" तात्यांनी विचारले.